धुराची साक्ष



या व्याख्यानमालेत पुष्प गुंफण्याचा मान मला मिळाला तो तंत्रनिकेतनात मला शिकवणाऱ्या सरांचा विद्यार्थी म्हणून, याची मला जाणीव आहे. म्हणून सुरुवातही त्यांच्याच वर्कशॉपपासून करतो.

१९८१ साल. तंत्रनिकेतनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी फियाट उभी असायची. सर ती गाडी वीस मिनिटे फिरवून आणायला सांगत, इंजिन बंद करत, पान्याने एकेक प्लग खोलत आणि तो गरम प्लग फडक्यात धरून आमच्यापुढे करत. प्रश्न ठरलेला असे: गाडी काय सांगते आहे? प्लगच्या टोकावर कोरडी काळी काजळी असली, तर पेट्रोल जास्त जाते आहे. टोक पांढुरके, भाजून निघाल्यासारखे असले, तर पेट्रोल कमी पडते आहे. बिस्किटाच्या रंगाचा प्लग निघाला की सरांचा चेहरा खुलायचा. नाहीतर कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवायचा, पुन्हा एक फेरी मारायची, पुन्हा प्लग काढायचा.

आम्हाला तेव्हा त्यात हातोटी दिसली. तिच्यामागचे तत्त्व उमगायला मला पुढची पंधरा वर्षे लागली. इंजिनाला काहीतरी द्यायचे, त्याने त्याचे काय केले ते पाहायचे, आपला अंदाज चुकला असेल तर ते मान्य करायचे आणि पुढच्या वेळी देणे बदलायचे. देणे, पाहणे, सुधारणे असा हा फेरा आहे. त्या काळी तो मिस्त्रीच्या हातून पूर्ण व्हायचा, आणि तोही चार-सहा महिन्यांतून एकदा, सर्व्हिसिंगच्या दिवशी. आज तुमच्या-माझ्या गाडीत तोच फेरा सेकंदाला एक-दोनदा पूर्ण होतो. तो पूर्ण करणारा संगणक बहुधा बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे ॲल्युमिनियमच्या एका चपट्या डब्यात बसलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम म्हणतात. त्याच्याविषयी आज बोलायचे आहे.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हा रसायनशास्त्राचा हिशेब आहे आणि तो वजनाचा आहे. कार्बोरेटरला मात्र वजन कळत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल ओढले जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ या साध्या युक्तीने जगाच्या गाड्या चालवल्या, तिला कमी लेखण्याचे काही कारण नाही. पण हवा रोज सारखी नसते. थंडीत ती दाट असते, उन्हाळ्यात विरळ. समुद्रसपाटीवर जुळवलेली गाडी साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहला नेली, तर तिथे हवेचा दाब जेमतेम दोन-तृतीयांश उरतो. हवेचे वजन घटते, पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही, गाडी काळा धूर ओकते आणि चढावर दम सोडते. थंड पहाटे चोक ओढायचा तोही यासाठीच: गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून ते जास्त द्यायचे. चोक परत ढकलायचा मात्र चालकाने लक्षात ठेवून. विसरला तर तितके पेट्रोल सायलेन्सरमधून हवेत.

ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतली गेली. गाडी चालत होती ना, मग झाले! धूर कोणी मोजत नव्हते. ते मोजणे जिथे सुरू झाले, तिथे या संगणकाचा खरा जन्म झाला.

१९४०च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे, तपकिरी धुरके उतरू लागले. त्याचे कोडे सोडवले आरी हागेन-स्मिट या मूळ डच जीवरसायनशास्त्रज्ञाने. कॅलटेक या संस्थेत तो अननसाच्या स्वादाचे रसायन शोधत होता. ते काम बाजूला ठेवून तो शहराच्या हवेकडे वळला, आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिले की गाड्यांतून न जळता सुटणारी हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की त्यांतून ओझोन तयार होतो. डोळ्यांतल्या पाण्याचे मूळ रस्त्यावरच्या गाड्यांत होते. लोकांचा रेटा वाढत गेला आणि १९७० साली अमेरिकेने कायदा केला: गाड्यांच्या धुरातले घातक वायू थोड्याच वर्षांत ९० टक्क्यांनी उतरले पाहिजेत.

स्क्रू पाव आटा फिरवून हे साधणार नव्हते. उपाय निघाला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. सायलेन्सरच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांना निरुपद्रवी व्हायला ऑक्सिजन हवा असतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी मात्र आपला ऑक्सिजन सोडायला हवा. एकाच विटेवर ही देवाणघेवाण होते, पण एका अटीवर: मिश्रण १४.७ला अगदी चिकटून हवे. थोडी हवा जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइड तशीच निसटतात, थोडे पेट्रोल जास्त झाले की उरलेले दोघे निसटतात. इतकी अरुंद वाट कोणत्याही कार्बोरेटरला सापडली नसती. ती सापडायला डोळा हवा होता, आणि तो डोळा धुरात बसवायला हवा होता.

१९७६ साली बॉश कंपनीने बनवलेला ऑक्सिजन सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत बसला आणि धुराची साक्ष इंजिनाच्या कानी पोहोचू लागली. इंजेक्टरने पेट्रोल मोजून देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा याच कंपनीने १९६७ सालीच आणली होती. १९७९ साली तिने बीएमडब्ल्यूच्या गाडीत पेट्रोल आणि ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच डिजिटल संगणकाकडे दिला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे हे कन्व्हर्टर आणि सेन्सर या दोघांनाही विष, म्हणून २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले. त्याच सुमाराला गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणारी गाडी, ही अक्षरे झळकू लागली. १ एप्रिल २०२० रोजी धुराची बीएस-६ मानके लागू झाली आणि हा संगणक घराघरातल्या स्कूटर-मोटारसायकलींतही पोहोचला. लोकांनी स्वच्छ हवा मागितली आणि त्या मागणीने संगणक गाडीत आणला, हे आपण विसरू नये. आजच्या व्याख्यानाचा सगळा रोख या एका गोष्टीवर आहे.

आता डब्याच्या आत जाऊ. १.२ लिटरचे, चार सिलिंडरचे साधे इंजिन घ्या. गाडी मुंबई-पुणे रस्त्यावर निवांत चालली आहे, इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारते आहे. म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा, आणि चार सिलिंडर मिळून सेकंदाला १०० वेळा पेट्रोल आणि १०० वेळा ठिणगी.

पहिला प्रश्न: इंजिन आत्ता नेमके कुठे आहे? क्रँकशाफ्टवर दात असलेली एक चकती फिरते. पुष्कळ गाड्यांत तिच्यावर ६० दातांची जागा असते आणि त्यांतले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. शेजारचा सेन्सर प्रत्येक दाताची चाहूल घेतो. मोकळी जागा आली की संगणकाला खूण पटते, आणि तिथून दात मोजत पिस्टन कुठे आहे ते त्याला कळते. कॅमशाफ्टवरचा दुसरा सेन्सर सांगतो की वर आलेला हा पिस्टन मिश्रण दाबतो आहे की धूर बाहेर ढकलतो आहे.

दुसरा प्रश्न: आत किती हवा आली? काही गाड्यांत हवेच्या वाटेवर तापवलेली बारीक तार असते. जाणारी हवा तिला गार करते, आणि ती ठरलेल्या तापमानाला ठेवायला किती वीज लागली यावरून हवेचे वजन थेट कळते. काही गाड्यांत इनटेकच्या नळीतला दाब आणि हवेचे तापमान मोजतात आणि शाळेत शिकलेल्या वायूंच्या नियमांवरून वजन काढतात. कार्बोरेटरला जे कधीच जमले नाही ते इथे साधले. आता हवा तोलली जाते.

आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर ३०० घनसेंटिमीटरचा. निवांत चालीत त्यात साधारण १४५ मिलिग्रॅम हवा आली असे धरू. १४.७ने भागले की १० मिलिग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागते. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरचा एक थेंब घ्या, त्याचाही सुमारे चौथा हिस्सा. एवढेसे पेट्रोल मोजून द्यायचे कसे? पेट्रोलच्या नळीतला दाब पक्का ठेवायचा आणि इंजेक्टरचे तोंड ठरावीक वेळ उघडे ठेवायचे, साधारण चार मिलिसेकंद. माप वेळेचे आहे. त्यातही इंजेक्टरची सुई उचलली जायला थोडा वेळ लागतो आणि बॅटरी उतरली असेल तर जास्त लागतो, म्हणून संगणक बॅटरीचा व्होल्टेज बघून तेवढा वेळ वाढवून देतो. इंजिन गार असेल तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तसे सांगतो आणि पेट्रोल वाढते. हाच आताचा चोक, आणि तो परत ढकलायला कोणी विसरत नाही. चालकाने पाय उचलला आणि गाडी उतारावर आपसूक पळू लागली, तर पेट्रोल काही वेळ पूर्ण बंद. बोरघाट उतरताना गिअरमध्ये असलेल्या तुमच्या गाडीचे इंजिन कित्येक क्षण एक थेंबही न पिता फिरत असते.

या सगळ्यामागे असतात कोष्टके. इंजिनाचा वेग आणि त्यावरचा भार यांच्या प्रत्येक जोडीला किती पेट्रोल, किती आधी ठिणगी, हे आधीच लिहून ठेवलेले असते. दोन घरांच्या मधली किंमत संगणक काढून घेतो. ही कोष्टके आकाशातून पडत नाहीत. इंजिन चाचणीच्या बाकावर बांधून अभियंते आणि तंत्रज्ञ महिनोन्‌महिने एकेक घर भरत जातात. मग गाडी उन्हात, बर्फात, उंच डोंगरावर नेतात आणि भरलेली घरे पुन्हा तपासतात. संगणक हुशार आहे असे आपण सहज म्हणतो. त्याच्या पोटात शेकडो माणसांची मेहनत आकड्यांच्या रूपाने साठवलेली आहे, तीच चालताना आपल्याला हुशारी वाटते.

ठिणगीचे गणितही असेच नाजूक आहे. पेट्रोल स्फोटासारखे एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. सगळ्यात मोठा दाब पिस्टन वरून खाली निघाल्यावर लगेच यायला हवा, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या आधीच टाकावी लागते, आणि इंजिन जितके वेगात तितकी आणखी आधी. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे काम स्प्रिंगला बांधलेली दोन वजने आणि व्हॅक्यूमची एक डबी करत असत. पॉइंट झिजले, स्प्रिंग सैल झाली की टायमिंग बिघडायचे. आता टायमिंग कोष्टकातून येते आणि प्रत्येक ठिणगीला वेगळे ठरते.

ठिणगी फार आधी पडली तर इंजिन ठोकते. सर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर टेकवत आणि मूठ कानाला लावत. तोच कान आता ब्लॉकवर बोल्टने बसवलेला असतो: दाब पडला की वीज देणाऱ्या स्फटिकाचा नॉक सेन्सर. इंजिनाच्या नेहमीच्या खडखडाटातून तो ठोक्याचा सूर तेवढा वेचतो. ठोका आला की संगणक ठिणगी थोडी मागे घेतो, मग हळूहळू पुन्हा पुढे सरकवत नेतो, पुन्हा ठोका येईपर्यंत. इंजिनाची सगळी ताकद काढायची, पण त्याला इजा होऊ द्यायची नाही, असे त्याचे धोरण असते.

आता येतो त्या सेन्सरकडे, ज्याच्यासाठी मी आज इथे उभा आहे. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे झिरकोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची एक बोटभर नळी. तिच्या एका बाजूला बाहेरची स्वच्छ हवा, दुसऱ्या बाजूला धूर. तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे तापली की दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर ती वीज तयार करते. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर ०.८-०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल तर ०.१च्या आसपास. आणि हा बदल नेमका १४.७च्या उंबरठ्यावर, एका झटक्यात होतो.

म्हणजे हा साक्षीदार दोनच शब्द बोलतो: जास्त, कमी. किती जास्त, किती कमी, हे तो सांगत नाही. तरी तेवढ्यावर काम भागते. ‘जास्त’ ऐकले की संगणक पेट्रोल थोडे थोडे कमी करत नेतो. ‘कमी’ ऐकू आले की उलटा फिरतो. सेकंदाला एक-दोनदा हा झोका चालतो आणि मिश्रण कधीच एका जागी स्थिर नसते, तरी त्याची सरासरी १४.७वर बसते. कन्व्हर्टरच्या विटेत ऑक्सिजन थोडा साठवायची सोय असते, ती हे झोके जिरवून टाकते. पुढच्या काळात किती हे सांगणारे सेन्सरही आले, पण पाया या दोन शब्दांचाच आहे. मला या रचनेत मोठे शहाणपण दिसते. आपण बरोबर आहोत असा दावा ही यंत्रणा एका क्षणासाठीही करत नाही. ती सतत थोडी चुकते, चूक लगेच ऐकते आणि सुधारते. तिची अचूकता या ऐकण्यातून आली आहे.

ती शिकतेसुद्धा. रोजच चार टक्के पेट्रोल वाढवावे लागते असे दिसले, तर ते चार टक्के ती स्मरणात ठेवते आणि पुढचा हिशेब तिथूनच सुरू करते. याचा अनुभव आपण सगळे सध्या घेतो आहोत. आपल्या साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १४.७ नको, साडेतेराच्या आसपास हवा पुरते. ही बातमी गाडीला कोणी कळवत नाही. पंपावर टाकी भरली जाते, धुरात ऑक्सिजन जास्त दिसतो, सेन्सर ‘कमी’ म्हणतो आणि संगणक इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील त्याला बदलता येत नाहीत, त्यांची काळजी आपण घ्यायची. मिश्रणापुरते तरी ऊसकरी शेतकऱ्याचे इंधन तो निमूटपणे ओळखतो.

पण साक्षीदारच खोटे बोलू लागला तर? याचा विचारही या यंत्रणेत आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पायापासून इंजिनापर्यंत केबल नसते, तारेतून फक्त संदेश जातो. म्हणून पेडलवर एकाऐवजी दोन सेन्सर असतात आणि दोघांचे म्हणणे सतत पडताळून पाहिले जाते. ते जुळले नाही, तर संगणक गाडी एकदम बंद पाडत नाही, ताकद बेताची ठेवून तुम्हाला घरापर्यंत पोहोचू देतो. कन्व्हर्टरच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो, तसाच मागेही एक असतो. पुढचा इंजिनावर लक्ष ठेवतो, मागचा कन्व्हर्टर आपले काम करतो की नाही ते पाहतो. एखादा सिलिंडर मिसिंग मारू लागला, तर त्या फेऱ्यात क्रँकची गती किंचित अडखळते, आणि चकतीचे दात मोजणाऱ्याला ती अडखळ दिसते.

काही चुकले की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्याच वेळी संगणक एक कोड नोंदवतो आणि त्या क्षणाचा पंचनामा करून ठेवतो: इंजिनाचा वेग किती होता, पाणी किती गरम होते, भार किती होता. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्याला स्कॅनर लावला की हा पंचनामा वाचता येतो. अमेरिकेत हे सॉकेट १९९६पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचे झाले, आपल्याकडे ही स्वयंनिदानाची पद्धत बीएस-४च्या काळात टप्प्याटप्प्याने आली.

आता एका कडू प्रसंगाकडे वळतो, कारण तो टाळून हे व्याख्यान प्रामाणिक राहणार नाही. २०१३ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धूर मोजणारी यंत्रे डिझेल गाड्यांच्या मागे बांधून त्या कॅलिफोर्नियाच्या खऱ्या रस्त्यांवर चालवल्या. प्रयोगशाळेत उत्तम उतरलेल्या काही गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजनची ऑक्साइड सोडत होत्या. सप्टेंबर २०१५मध्ये उलगडा झाला. फोक्सवॅगनच्या संगणकात असा प्रोग्राम होता, जो स्टिअरिंग किती वळते, वेग कसा बदलतो, चाचणी किती वेळ चालते यांवरून आपली परीक्षा चालू आहे हे ओळखायचा आणि तेवढ्यापुरता नीट वागायचा. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत तो होता. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने रस्त्यावर गाड्या तपासल्या, त्यांतही तफावत निघाली आणि कंपनीने सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

या प्रकरणात एकही सेन्सर बिघडलेला नव्हता. तारा, दात, स्फटिक सगळे खरे बोलत होते. खोटे लिहिले होते ते माणसांनी, संगणकाच्या प्रोग्राममध्ये. ज्या यंत्रणेचा जन्मच धुराची साक्ष ऐकण्यासाठी झाला, तिलाच साक्ष फिरवायला शिकवले गेले. मला त्याचे आजही दुःख आहे, कारण असे प्रोग्राम आणि कोष्टके लिहिणारी मुले आमच्यासारख्यांच्याच वर्गांतून बाहेर पडतात. या प्रकरणानंतर जगाने परीक्षा बदलली. आपल्याकडेही एप्रिल २०२३पासून बीएस-६चा दुसरा टप्पा आला आणि गाडीचा धूर चालत्या रस्त्यावर मोजणे बंधनकारक झाले. सर वीस मिनिटे गाडी फिरवून आणायला का सांगत, ते इथे कळते. उभ्या गाडीचा प्लग तेवढी खरी हकिगत सांगत नाही.

साक्ष ऐकायची, तर ती ऐकण्याचा हक्कही हवा. २०१४ साली आपल्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांनाही मिळाली पाहिजेत, असे बजावले. दंडाचा वाद पुढे वरच्या पायऱ्यांवर गेला, पण त्यातला मुद्दा मला अतिशय मोलाचा वाटतो. गाडी विकत घेणाऱ्याचा तिच्या पंचनाम्यावर हक्क आहे, आणि गल्लीतल्या मिस्त्रीला तो वाचता आला पाहिजे. नाहीतर लोकांच्या हवेसाठी आणलेला हा डबा लोकांसाठीच कुलूपबंद होईल.

वाचता आला पाहिजे, असे म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक प्रसंग असतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा पिवळा दिवा लागला. कोड निघाला पी-०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला, चांगले बिल केले. चार दिवसांनी दिवा परत लागला. मग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेलो. ती वडिलांचे गॅरेज सांभाळते. तिने नवा भाग मागवला नाही. स्कॅनर लावून इंजिन स्लोवर ठेवले आणि संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो आहे ते पाहिले: वीसच्या वर. मग रेस देऊन अडीच हजारावर नेले. आकडा उतरून चार-पाचवर आला.

“सर, सेन्सर खरंच बोलत होता,” ती म्हणाली. “हवा मोजणाऱ्या तारेच्या पुढे कुठून तरी चोरून हवा शिरतेय. स्लोला इंजिन थोडीच हवा घेतं, म्हणून तेव्हा ही चोरी मोठी दिसते. रेस दिली की एकूण हवेत ती बुडून जाते.”

मग तिने भिंतीवरून एक रबरी नळी काढली, तिचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे टोक इनटेकच्या जोडांवरून सावकाश फिरवू लागली. तिसऱ्या जोडापाशी थांबली. तिथे नळीच्या खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही अशी, नखाएवढी चीर होती. नळी बदलली आणि दिवा विझला तो विझलाच.

सरांना तिने कधी पाहिले नव्हते. ते गेले तेव्हा ती शाळेत होती. पण कान देण्याची ती रीत त्यांच्यापासून माझ्यापर्यंत आणि माझ्यापासून तिच्यापर्यंत आली होती. कुठे ऐकायचे ते आकड्याने सांगितले, आणि काय बिघडले ते कानाने. कोड ही साक्ष असते. निकाल द्यायला विचार करणारे माणूस लागते. पहिल्या गॅरेजने साक्षीदारालाच आरोपी समजून बदलून टाकले. तिने त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

इथे बसलेल्या तरुण विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. उद्या तुम्ही गॅरेजमध्ये असाल, कारखान्यात कोष्टकाचे एखादे घर भरत असाल, किंवा सरकारी टेबलावर मानकांचा मसुदा लिहीत असाल. जिथे असाल तिथे या फेऱ्यातला एक सांधा तुमच्या हाती असेल. तो खरा ठेवा. आणि बाकीच्या आपण सगळ्यांनी तो पिवळा दिवा लागला तर त्यावर चिकटपट्टी लावू नये. आपल्या गाडीमागून सायकलवर शाळेला जाणाऱ्या मुलाच्या वतीने तो दिवा बोलत असतो.

सरांचा प्रश्न आज चाळीस वर्षांनंतरही तसाच उभा आहे: गाडी काय सांगते आहे? आता ती पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट सांगते. ऐकणारे कान तयार करणे हेच सरांचे काम होते. ते तुमच्या हाती सोपवून मी थांबतो.